सोळा इंच

नाशिकच्या आमच्या जुन्या वाड्यात कार्य असलं की रात्री माजघरापासून ओसरीपर्यंत माणसांची रांग लागायची. सतरंज्या पसरलेल्या, वर गोधड्या, उशी मिळाली तर मिळाली, नाहीतर स्वतःचा दंड. पोरांना आडवं झोपवायचे, म्हणजे एका गोधडीत चार मावायची. कोणाचं कोपर कोणाच्या बरगडीत, कोणाचे गार तळवे कोणाच्या पोटरीला. आजी सगळ्यात शेवटी पाठ टेकायची. त्याआधी कंदिलाची वात बारीक करून ती रांगेच्या पायथ्याशी उभी राहायची आणि मोजायची. चेहरे पांघरुणात गेलेले असायचे, म्हणून ती पायांवरून मोजायची. ‘हे धाकट्याचे. ही ताईची थोरली, टाचेला भेग आहे. हे मुंबईचे पाहुणे, तळवे बघ कसे मऊ.’ मी डोळे मिटून जागी असायची. माझ्या पायांशी कंदिलाचा उजेड यायचा, आजी माझं नाव पुटपुटायची, आणि मग कुठे मला झोप लागायची.

हे सगळं कित्येक वर्षं मनाच्या तळाशी पडून होतं. एका दुपारी वाचनालयात एक जाडजूड चित्रांचं पुस्तक चाळताना ते एकदम वर आलं. पान उघडलं तेव्हा पहिल्या नजरेला मला ती लुगड्याची किनार वाटली. एकाला एक लागून काळ्या बुट्ट्या, ओळीखाली ओळ, मध्ये थोडी वाट सोडून पुन्हा ओळ. विणकर जशी एकच खूण काठभर फिरवत नेतो तशी. नक्षी म्हणून ती सुबकही होती. मग चष्मा नाकावर नीट बसवला आणि पान जवळ घेतलं. प्रत्येक बुट्टीला डोकं होतं. दोन हात होते. दोन पाय, आणि घोट्याशी एकाला दुसऱ्याशी जोडणारी बारीक रेघ. किनारीचा आकार पुढे निमुळता, मागे गोलसर होता, कारण ते एक जहाज होतं. ब्रुक्स त्याचं नाव. लिव्हरपूलहून ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई, तिथे माणसं भरी आणि ती वेस्ट इंडीजला नेऊन विकी.

घरी आल्यावर मी शिवणाच्या मशिनच्या खणातून टेप काढला. चित्रासोबतच्या मजकुरात मापं दिली होती. पुरुषाला सहा फूट लांब आणि एक फूट चार इंच रुंद जागा. बाईला पाच फूट दहा इंच लांब, रुंदी तेवढीच. मुलाला पाच फूट आणि एक फूट दोन इंच. मुलीला साडेचार फूट आणि एक फूट. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर टेप धरला आणि सोळा इंचांवर खडूने रेघ मारली. माझ्या हाताच्या बरोब्बर दोन विती. त्या दोन रेघांमध्ये आडवी पडून पाहिली. एक खांदा रेघेच्या आत राहिला, दुसरा बाहेर गेला. कुशीवर वळले तेव्हा मावले. वर बघितलं तर माझ्या घराचं छत लांब होतं, पंखा फिरत होता. त्या जहाजात दोन मजल्यांच्या मध्ये आणखी फळ्या ठोकून एक माळा केलेला असे, आणि झोपलेल्या माणसाच्या पाठीखालच्या फळीपासून वरची फळी अडीच फुटांच्या आसपास. बसायचं म्हटलं तरी मान ताठ होणार नाही. असे सहा-सात आठवडे, कधी त्याहून जास्त.

मी लगेच उठले. मला उठता येत होतं.

त्या चित्राची कुळकथा मी नंतर शोधून शोधून वाचली. १७८७ च्या मे महिन्यात लंडनला, जॉर्ज यार्ड नावाच्या एका बोळात, जेम्स फिलिप्स या मुद्रकाच्या दुकानात बारा माणसं जमली आणि त्यांनी गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी एक समिती काढली. बारांतले नऊ जण क्वेकर पंथाचे होते. छापखान्यात जन्मलेली ही चळवळ. कागद, शाई आणि खिळे तिच्या पाळण्यापासून उशाशी होते. पुढच्याच वर्षी सरकारने कॅप्टन पॅरी नावाच्या आरमारी अधिकाऱ्याला लिव्हरपूलला पाठवून गुलामांची जहाजं मोजून घेतली. त्या मोजमापांच्या आधाराने, आधी प्लिमथ बंदरातल्या समितीने आणि मग १७८९ मध्ये लंडनच्या समितीने, ब्रुक्सचा आराखडा माणसांसकट कागदावर उतरवला. लाकडी ठशावरून त्याच्या सुमारे सात हजार प्रती निघाल्या. खानावळींत, बैठकीच्या खोल्यांत, दुकानांच्या भिंतींवर तो कागद लागला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही तो वाचता आला.

या कागदाचा एक तपशील मला अजून छळतो. १७८८ मध्ये संसदेने कायदा करून जहाजाच्या आकारमानानुसार माणसांची संख्या ठरवून दिली होती. ब्रुक्सला ४५४ माणसं न्यायची मुभा होती. चित्रकाराने वर दिलेल्या मापांनी माणसं मांडायला घेतली आणि साडेचारशेच्या आसपास पोचेपर्यंत जहाज काठोकाठ भरलं. कुठे एक मूल ठेवायलाही जागा उरली नाही. आणि याच जहाजाने कायद्याच्या आधी एका फेरीत ६०९ माणसं नेली होती. म्हणजे आपण बघतो ते चित्र सुधारलेल्या काळाचं आहे, नियमात बसणारं आहे. उरलेली दीडशे माणसं कागदावर बसलीच नाहीत. ती कुठे ठेवायची हे चित्रकाराला सुचलं नाही. जहाजाच्या कप्तानाला सुचलं होतं.

मी त्या चित्रकाराचा पुष्कळ विचार करते. त्याच्या मनात आलं असतं तर रक्त दाखवता आलं असतं, चाबूक दाखवता आला असता, आईच्या हातून ओढून नेलेलं मूल काढता आलं असतं. तसं त्याने काहीच काढलं नाही. फूटपट्टी घेऊन तो जहाजबांधणीचा आराखडा काढतात तसा काढत गेला. व्यापारी जी भाषा बोलत होते, टनांची, फुटांची, नगांची, तीच भाषा त्याने घेतली आणि शब्दही न बदलता त्यांच्यासमोर ठेवली. ज्यांनी आजवर वहीत आकडा वाचला होता, त्यांना तो आकडा अंथरलेला दिसला. टॉमस क्लार्कसन हा समितीचा सगळ्यात भटका कार्यकर्ता. त्याने घोड्यावरून हजारो मैल हिंडून खलाशांच्या साक्षी गोळा केल्या होत्या, लिव्हरपूलच्या दुकानातून बेड्या आणि अंगठे आवळायचे स्क्रू विकत घेतले होते. तोही म्हणे की हे चित्र बघणाऱ्याच्या मनावर त्याच क्षणी घाव घालतं. तो प्रती घेऊन पॅरिसला गेला. तिथे मिराबो या फ्रेंच पुढाऱ्याने त्यावरून लाकडाचं लहानसं जहाज करून घेतलं. लंडनमध्ये, संसदेत या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्सकडेही तसंच एक होतं. ते आज हल शहरातल्या संग्रहालयात आहे.

मराठीत मोजणे या एका क्रियापदात किती काय काय मावतं. आपण पैसे मोजतो, कापड मोजतो, दिवस मोजतो. ‘तो कोणाला मोजत नाही’ म्हणतो तेव्हा तो कोणाला किंमत देत नाही असं म्हणायचं असतं. ‘खिजगणतीत नाही’ म्हणतो तेव्हा गणतीतून वगळलेल्या माणसाची व्यथा त्यात असते. म्हणजे आपल्या भाषेच्या मनात मोजलं जाणं हा मान आहे. मग त्या जहाजातल्या माणसांचं काय? त्यांना तर इंच न् इंच मोजलं होतं. किनाऱ्यावर मोजलं, चढताना मोजलं, रोज सकाळी मेलेले वजा करून मोजलं, उतरवताना मोजलं. इतकं मोजून ती खिजगणतीतही नव्हती. आजीचा कंदील आणि कप्तानाची वही, दोन्हींकडे क्रियापद एकच आहे, हे मला फार दिवस सोसवलं नाही.

मला वाटायचं, ज्याने ते जहाज आतून पाहिलं असेल त्याने हे चित्र पाहिलं असेल का? काय वाटलं असेल त्याला? आणि एक दिवस त्याचं उत्तरच हाती आलं. ओलाउडाह इक्वियानो. त्याने आपल्या आत्मकथेत लिहिलं आहे की साधारण अकरा वर्षांचा असताना त्याला पळवून नेलं, हातोहात विकत किनाऱ्यावर आणलं आणि जहाजाच्या पोटात ढकललं. खालून येणाऱ्या वासाने त्याची अन्नावरची वासनाच गेली. जहाजावर त्याला मायकेल म्हणत, व्हर्जिनियात जेकब म्हणू लागले, मग एका मालकाने गुस्तावस वासा हे नाव लावलं. ते नाव नको म्हटल्याबद्दल त्याने मार खाल्ला. १७६६ मध्ये पै पै साठवून त्याने स्वतःला विकत घेतलं. हा माणूस १७८९ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये होता, आणि प्लिमथच्या समितीने काढलेलं चित्र त्याच्या हाती पडलं. त्याने त्या समितीला पत्र लिहून आभार मानले. ते पत्र लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आलं.

आभार. या शब्दापाशी मी थांबते. चौदा इंचांची जागा त्याने कागदावर नक्की शोधली असणार. मुलांच्या खणात, पुढून कितवा, मागून कितवा. काळ्या बुट्ट्यांमध्ये स्वतःला ओळखायचं कसं, सगळ्या सारख्याच. तरीही त्याने आभार मानले, कारण त्या खणात आपण होतो हे आता परक्यांनीही मान्य केलं होतं. आणि मग त्याच वर्षी त्याने स्वतःचं पुस्तक काढलं. आगाऊ वर्गणीदार गोळा करून, घरोघर फिरून, स्वतः विकलं. पुस्तक उघडलं की डाव्या पानावर त्याचं चित्र आहे. अंगात कोट, गळ्याशी पांढरा रुमाल, हातात उघडं बायबल, आणि नजर सरळ वाचणाऱ्याकडे. उजव्या पानावर त्याची दोन्ही नावं, आईबापांनी ठेवलेलं आधी, मालकाने लावलेलं मागून. एकाच वर्षात, एकाच शहरात छापलेले हे दोन कागद मी मनात नेहमी शेजारी शेजारी ठेवते. एकावर साडेचारशे देह आहेत आणि चेहरा एकही नाही. दुसऱ्यावर एकच चेहरा आहे. मला दोन्ही हवेत, यातलं एकही सोडता येत नाही.

त्या चळवळीचं सगळ्यात गाजलेलं चित्र मात्र तिसरंच आहे. गुडघ्यावर बसलेला, साखळदंडातले हात जोडून वर बघणारा माणूस, आणि भोवती प्रश्न: मी माणूस नाही का, भाऊ नाही का? मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवुड याने १७८७ मध्ये त्याची रुपयाएवढी पदकं काढली. बायकांनी ती कंगनात बसवली, केसांच्या काट्यांवर लावली. ते चित्र पुस्तकांवर, पत्रांच्या माथ्यावर, चहाच्या भांड्यांवर पसरलं. त्याने पुष्कळ काम केलं हे खरं. पण त्या माणसाच्या जोडलेल्या हातांकडे बघताना माझा जीव गुदमरतो. प्रश्न विचारायला त्याला गुडघ्यावर का बसावं लागलं? इक्वियानो तर उभा होता.

भांड्यांवरून आठवलं. १८२० च्या दशकात इंग्लंडात साखरेचे असे वाडगे निघाले, ज्यांवर छापलेलं असे की यातली साखर ईस्ट इंडियातली आहे, गुलामांच्या हातची नाही. सहा कुटुंबांनी ही साखर वापरली तर एक गुलाम कमी लागेल. चहात चमचा बुडवताना ती ओळ वाचणाऱ्या बाईचा हात क्षणभर थबकत असेल, आणि त्या थबकण्यात माणुसकी होती, याबद्दल मला शंका नाही. पण ती साखर इथली होती, आपल्याकडची. इथेही पिढीजात बांधलेली माणसं राबत होती. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामी उठली तेव्हा कंपनी सरकारचा मुलूख त्यातून वगळला होता, आणि इथला कायदा यायला १८४३ साल उजाडलं. वाडग्यावर छापायला जागा थोडी असते. एका वाक्यात एकाच दूरच्या माणसाचं दुःख मावतं.

माझ्या मामांचा रविवार कारंजाजवळच्या बोळात छापखाना होता. ट्रेडल मशीन, भिंतीला लागून खिळ्यांच्या केसेस, आणि एका लाकडी खोक्यात ठसे. गणपतीचा ठसा, कलशाचा, सनई-चौघड्याचा, जोडलेल्या हातांचा. कोणाचंही लग्न असो, गणपती तोच. दहाव्या-तेराव्याच्या पत्रिकेला दिवा तोच. मी सुट्टीत तिथे जाऊन ठसे चिंध्यांनी पुसायची. रॉकेलचा वास बोटांना दोन दिवस राहायचा. मामा म्हणायचे, ‘ठसा जपून ठेव गं, त्याच्यावर कोणाकोणाचं नशीब छापलं जायचंय.’

त्या खोक्याची आठवण मला अमेरिकेच्या दक्षिणेतली जुनी वर्तमानपत्रं बघताना झाली. तिथे पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती असत, आणि जाहिरातीच्या कोपऱ्यात नखाएवढा एक माणूस. खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, एक पाऊल उचललेलं. बाई पळाली असेल तर बाईचा ठसा. हे ठसे ओतशाळेत तयार मिळत आणि मुद्रक आपल्या केसमध्ये ठेवत, मामांनी गणपती ठेवला होता तसे. जो कोणी पळेल, त्याच्यासाठी तोच माणूस. खाली बारीक खिळ्यांत मात्र वर्णन वेगळं: कपाळावर व्रण, डावा हात अधू, वाचता येतं, बायको अमुक गावी असल्याने तिकडे गेला असावा. ठशात जे नव्हतं ते शिकार करणाऱ्याने मजकुरात भरलं होतं, कारण धरून आणायचं तर तो नेमका कोण हे ठाऊक हवं. १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या गुलामीविरोधकांनी तोच ठसा आपल्या लहानशा मासिकावर छापला आणि सांगितलं की दक्षिणेच्या बाजारासाठी हे ठसे आपल्याच शहरात बनतात. धातूचा तुकडा तोच, पाऊल उचललेलं तेच. फक्त आता बघणाऱ्याला वाटू लागलं, हा पोचू दे.

आणि मग सोजर्नर ट्रूथ. न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मली, अनेकदा विकली गेली, पुढे स्वतःचं नाव स्वतः ठेवलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. १८६४ च्या सुमारास ती आपलं छायाचित्र काढून घेऊन त्याची पत्त्याएवढी कार्डं विकत असे. त्यात ती खुर्चीत बसलेली आहे, डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर शाल, मांडीवर विणकाम आणि लोकरीचा धागा. खाली ओळ, की हा देह जगवण्यासाठी मी आपली सावली विकते. त्या छायाचित्राचे हक्क तिने स्वतःच्या नावावर नोंदवले होते. जिचं अंग कधीकाळी दुसऱ्याच्या नावावर होतं, तिची सावली आता तिच्या नावावर होती. मी तिच्या सुया बघते. अर्धं झालेलं काम हातात घेऊन ती बसली आहे, जणू छायाचित्र काढून झालं की पुढचा टाका घालायचा आहे.

हे सगळं दूरचं म्हणून मी बाजूला ठेवलं असतं. पण १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली, आणि ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं. पुण्यातल्या त्या अर्पणपत्रिकेपाशी समुद्राचं अंतर संपतं.

आणि आमच्या नाशकात शरणपूर आहे. मी रोज शरणपूर रोडने जाते. सिग्नल, दवाखाने, क्लासेसच्या पाट्या. एकोणिसाव्या शतकात इथे मिशनऱ्यांची वसाहत होती, आणि अरबी समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे इथे आणली जात. ती इथे शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. इथल्या उन्हाळ्यात झोपली, इथलं पाणी प्यायली. त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणाऱ्या लिव्हिंगस्टन या मिशनरी प्रवाशाच्या शेवटच्या प्रवासात तो सामील झाला. त्याच १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा ज्या झाडाखाली त्याचं काळीज पुरलं, त्या झाडावर त्याचं नाव जेकबने कोरलं. मग तो शवासोबत इंग्लंडपर्यंत गेला. त्याचं एक छायाचित्र आहे, शवपेटीशेजारचं. माझ्या शहराच्या शाळेत अक्षर गिरवलेला तो तरुण तिथे उभा आहे, आणि आपल्याला त्याचं नाव ठाऊक आहे. आईने हाक मारायचं नाव मात्र वेगळं असणार.

कधी सिग्नलला गाडी थांबली की मला त्या वसाहतीतली रात्र दिसते. मुलं ओळीने झोपलेली. गलबताच्या तळाशी अशाच ओळीत झोपून आलेली, त्यामुळे काही दिवस ती एकमेकांना अगदी चिकटूनच झोपत असतील, जागा असूनही. कोणीतरी दिवा घेऊन हजेरी घेत असेल. एक एक नाव, नवं, जिभेवर अजून न बसलेलं. त्यातलं एखादं मूल डोळे मिटून जागं असेल, आपलं नाव यायची वाट बघत. की दुसरंच, जुनं नाव?

स्वयंपाकघरातल्या फरशीवरच्या खडूच्या दोन रेघा मी अजून पुसलेल्या नाहीत. कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा विचारलं, ‘हे कशाचं माप हो ताई?’ मी सांगायला सुरुवात केली. त्या फडकं हातात धरून ऐकत राहिल्या, मग खाली वाकल्या आणि त्या सोळा इंचांत आपली वीत ठेवून पाहू लागल्या.